संरक्षणाचा खर्च आणि खासदाराचे काम: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपयांची तरतूद होती. त्या वर्षीच्या केंद्र सरकारच्या एकूण खर्चातील शंभर रुपयांपैकी जवळपास साडेतेरा रुपये या एका मंत्रालयासाठी होते. या रकमेवर आपण निवडून दिलेल्या खासदाराचा अधिकार नेमका किती आणि तो तिच्याबाबत प्रत्यक्षात काय करतो, असे विचारणारी अनेक पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न: आमच्याकडे प्रचारसभेत एका उमेदवाराने ‘सैन्यासाठी जास्त निधी आणीन’ असे आश्वासन दिले होते. खासदाराला संरक्षणाची तरतूद वाढवता येते का? (एक शिक्षिका, नाशिक रोड)

नाही. एका रुपयानेही वाढवता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार कोणतीही अनुदान मागणी, म्हणजे मंत्रालयाच्या खर्चासाठी लोकसभेकडे केलेली पैशांची मागणी, राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात सरकारच्या इच्छेशिवाय, लोकसभेपुढे येऊ शकत नाही. आलेली मागणी लोकसभा मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तिच्यात कपात करू शकते, पण वाढ करू शकत नाही. राज्यसभेच्या सदस्यांना तर या मागण्यांवर मतदानाचा अधिकारही नाही. मागण्या मंजूर झाल्यावर अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन विधेयक येते आणि ते संमत झाल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. हे विधेयक धन विधेयक असल्यामुळे राज्यसभेला ते फार तर चौदा दिवस आपल्याकडे ठेवता येते.

कपात सुचवण्याचे तीन मार्ग आहेत. सरकारचे धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना देता येते, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करण्याची सूचना देता येते आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवता येते. या शंभर रुपयांना पैशांच्या दृष्टीने काहीच अर्थ नसतो. मात्र त्या निमित्ताने देवळालीच्या तोफखान्याचा किंवा नौदलाच्या पाणबुड्यांचा प्रश्न सभागृहाच्या कामकाजात नोंदला जातो आणि मंत्र्याला त्याची दखल घ्यावी लागते.

यांपैकी कोणतीही कपात प्रत्यक्षात मंजूर झाली तर तो सरकारवरील अविश्वास मानला जातो. त्यामुळे सत्ताधारी पक्ष पक्षादेश (व्हिप) काढतो आणि १९८५ मध्ये घटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीनंतर, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानंतर, पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. एखाद्या सत्ताधारी खासदाराला तोफांची तरतूद अपुरी किंवा एखादी खरेदी अनावश्यक वाटली, तरी मतदानाच्या क्षणी त्याला ते मत बाजूला ठेवावेच लागते. सरकारच्या स्थैर्यासाठी पक्षांतरबंदी कायदा हवा हे मला मान्य आहे, परंतु अर्थसंकल्पातील एकेका मागणीवरील मतालाही तीच शिक्षा लागू असणे लोकसभेच्या सर्वांत जुन्या अधिकाराला निरर्थक करते, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न: मग संरक्षणाचे आकडे संसदेत कोणी बारकाईने वाचते तरी का? (पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे)

वाचले जातात, पण सभागृहात नव्हे, तर समितीच्या बंद खोलीत. खासदाराच्या संरक्षणविषयक कामाचा खरा कस तिथेच लागतो.

१९९३ मध्ये संसदेने मंत्रालयनिहाय सतरा स्थायी समित्या स्थापन केल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या चोवीस झाली. त्यांतील संरक्षणविषयक स्थायी समितीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा असे एकतीस सदस्य असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. अर्थसंकल्प मांडल्यानंतर अधिवेशनाला मध्यंतर असते. त्या काळात समिती संरक्षण सचिव, तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे अधिकारी यांना साक्षीला बोलावते, मंत्रालयाकडून लेखी उत्तरे मागवते आणि मार्चमध्ये सभागृहांना अहवाल देते. बैठकीत कॅमेरे नसल्याने पक्षाभिनिवेश बराच ओसरलेला असतो आणि सत्ताधारी सदस्यही अडचणीचे प्रश्न विचारतात. महाराष्ट्राच्या दृष्टीने सांगायचे तर चौदाव्या लोकसभेत कोपरगावचे खासदार बाळासाहेब विखे पाटील या समितीचे अध्यक्ष होते. सहकार आणि ऊस यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नेत्याने संरक्षण समितीत केलेले काम आपल्याकडे फारसे चर्चेत आले नाही, याची मला खंत वाटते.

समितीपुढे कोणत्या मागण्या येतात, हेही पाहण्यासारखे आहे. मंत्रालयाच्या चार मागण्या असतात: नागरी खर्च, संरक्षण दलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. २०२५-२६ साठी महसुली खर्चाला ३,११,७३२ कोटी, भांडवली खर्चाला १,८०,००० कोटी, निवृत्तिवेतनाला १,६०,७९५ कोटी आणि नागरी खर्चाला सुमारे २८,६८३ कोटी रुपये होते. विमाने, जहाजे आणि तोफा भांडवली रकमेतून येतात, तर पगार, इंधन, दारूगोळा आणि दुरुस्ती महसुली रकमेतून होते. ‘संरक्षणाचा अर्थसंकल्प वाढला’ ही बातमी ऐकल्यावर वाढ यांपैकी कशात झाली हे न पाहणारा खासदार आपले काम करत नाही, असे मी म्हणेन.

समितीचे काम किती मोलाचे असू शकते याचे एक उदाहरण मार्च २०१८ चे आहे. निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी अध्यक्ष असताना उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीला सांगितले की, लष्कराच्या साधनसामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू काळातील आणि केवळ ८ टक्के अत्याधुनिक आहे. आधुनिकीकरणासाठी मिळालेल्या २१,३३८ कोटी रुपयांत आधीच केलेल्या करारांपोटी देय असलेले २९,०३३ कोटी रुपयेसुद्धा भागत नव्हते. गणवेशातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याची ही साक्ष समितीने आपल्या अहवालात छापली आणि ती देशापुढे आली. सरकारी जाहिरातींत किंवा निवडणुकीच्या भाषणांत हे आकडे कधीच आले नसते.

मात्र या समितीच्या मर्यादाही ठळक आहेत. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचे असते आणि त्या उत्तरावर समिती पुन्हा कृती-अहवाल, म्हणजे शिफारशींवर काय झाले याचा अहवाल, देते, एवढीच साखळी आहे. समितीची मुदत केवळ एक वर्षाची असते. वरील अहवालानंतर सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, समितीची पुनर्रचना झाली आणि खंडुरी यांच्या जागी कलराज मिश्र अध्यक्ष झाले. मिश्र यांच्या योग्यतेचा प्रश्न मी उपस्थित करत नाही. परंतु क्षेपणास्त्रखरेदीचा एक करार पूर्ण व्हायला दहा-दहा वर्षे लागत असताना त्यावर देखरेख करणाऱ्यांची मुदत बारा महिन्यांची असावी, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय सदस्यांना स्वतंत्र संशोधन कर्मचारी नसतात. मंत्रालय जे कागद देते त्यांच्याच आधाराने मंत्रालयाला प्रश्न विचारायचे, अशी त्यांची स्थिती असते.

न वापरलेला निधी ३१ मार्चला परत जातो, याबाबतही समितीचा अनुभव असाच आहे. मोठ्या खरेद्या एका आर्थिक वर्षात बसत नाहीत. म्हणून आधुनिकीकरणाचा पैसा रद्द न होता पुढील वर्षी वापरता यावा, असा स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस समिती वर्षानुवर्षे करत आली आहे. २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी २५,००० कोटींच्या अशा निधीची घोषणा केली, पण तो प्रत्यक्षात आला नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सुमारे २,३८,३५४ कोटींचा निधी सुचवला आणि सरकारने तो तत्त्वतः स्वीकारला. त्यानंतरही समितीला आपल्या अहवालांत त्याची आठवण करून द्यावी लागली.

प्रश्न: संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात असे वाचले. हे कायदेशीर आहे का? (निवृत्त बँक अधिकारी, सोलापूर)

कायदेशीर आहे. मागण्यांवरील चर्चेसाठी दिवस ठरवून दिलेले असतात आणि शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या एकत्र मतास टाकतात. संसदीय भाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात. पूर्वी काही मोजक्या मंत्रालयांवर सविस्तर चर्चा होऊन उरलेली मंत्रालये गिलोटिनखाली जात. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा २३ मार्च २०२३ रोजी मात्र गदारोळात सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना संमत झाल्या. २०२३ मध्ये ही रक्कम सुमारे ४५ लाख कोटी रुपये होती आणि संरक्षणाचा संपूर्ण वाटा तिच्यातच होता. याला सत्ताधारी आणि विरोधक दोघेही जबाबदार आहेत. सरकारने चर्चेसाठी वेळ राखायला हवा होता आणि विरोधकांनी आपली सर्वांत महत्त्वाची संधी घोषणाबाजीत घालवायला नको होती.

प्रश्न: मी लष्करातून निवृत्त झालो आहे. समान पद, समान निवृत्तिवेतन या मागणीत खासदारांचा वाटा काय होता? पुढे आम्हाला काही मांडायचे असल्यास मार्ग कोणता? (माजी सुभेदार, सातारा जिल्हा)

सुभेदारसाहेब, आपल्या प्रश्नाचे उत्तर संसदेच्या एका फारशा परिचित नसलेल्या समितीत सापडते. राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये या विषयावर अहवाल दिला आणि समान पद, समान निवृत्तिवेतन, म्हणजे एकाच पदावरून तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची तारीख कोणतीही असली तरी सारखे निवृत्तिवेतन, लागू करावे अशी शिफारस केली. तेव्हा त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीपुढे हा विषय एका याचिकेद्वारे आला होता. तिने मंत्रालयाला साक्षीला बोलावले आणि लष्करी सेवेत जवान लवकर निवृत्त होतो, त्यामुळे त्याला पूर्ण नागरी कारकीर्दीइतका वेतनवाढीचा लाभ मिळत नाही, ही बाब नोंदवून घेतली. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ५०० कोटींची आणि जुलैच्या अर्थसंकल्पात १,००० कोटींची तरतूद झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये, गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, योजना अधिसूचित झाली. आपल्यासारख्या माजी सैनिकांनी जंतरमंतरवर केलेल्या आंदोलनाचा दबाव मोठा होताच, पण मागणीला सरकारी कागदपत्रांत तर्कशुद्ध आधार मिळाला तो त्या अहवालामुळे.

याचिका करण्याचा मार्ग आजही खुला आहे. विषय न्यायप्रविष्ट नसावा, मागणी स्पष्ट असावी आणि याचिकेवर एखाद्या खासदाराची प्रतिस्वाक्षरी असावी. आपल्या खासदाराकडे शिफारसपत्र मागण्याऐवजी माजी सैनिक संघटनेने ही प्रतिस्वाक्षरी मागावी, असे मी सुचवीन.

प्रश्न: आयुध निर्माणी कंपन्यांमध्ये बदलल्या तेव्हा आमच्या खासदाराने विरोधात मत का दिले नाही? (वरणगाव)

त्या निर्णयावर मतदानच झाले नाही. एक्केचाळीस आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत विभागण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये घेतला आणि तो १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नव्हती. वरणगाव, भुसावळ, खडकी, अंबरनाथ, भंडारा, अंबाझरी आणि चंद्रपूर येथील कामगारांच्या भवितव्याचा निर्णय अशा रीतीने संसदेच्या मताविना झाला. त्याच वर्षी संसदेपुढे आले ते अत्यावश्यक संरक्षण सेवा विधेयक. या सेवांतील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक ३ ऑगस्टला लोकसभेत आणि ५ ऑगस्टला राज्यसभेत गोंधळात संमत झाले. आपल्या खासदाराने त्या दिवशी काय केले हे आपण अवश्य विचारावे. निर्णयाआधी त्यांनी तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते) किंवा लाक्षणिक कपात सूचना दिली होती का, हेही विचारावे, कारण त्यांच्या हातातील साधने तीच होती.

प्रश्न: माझा मुलगा डेट्रॉईटजवळ राहतो. तो म्हणतो, तिथले लोकप्रतिनिधी अध्यक्षांचा संरक्षण अर्थसंकल्प बदलून टाकतात. ती पद्धत आपल्यापेक्षा चांगली नाही का? (गृहिणी, ठाणे)

आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. कदाचित त्याचे प्रतिनिधी बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार असतील, कारण जानेवारी २०२३ पासून डेट्रॉईटच्या मोठ्या भागाचे प्रतिनिधित्व तेच करतात.

अमेरिकेत काम दोन टप्प्यांत होते. सशस्त्र सेवा समित्या राष्ट्रीय संरक्षण प्राधिकार विधेयक तयार करतात. ते १९६१ पासून दरवर्षी संमत होत आले आहे. सैन्यबळ किती असावे, कोणत्या शस्त्रप्रणाली ठेवाव्यात, कोणत्या बंद कराव्यात, हे त्यात ठरते. ही झाली परवानगी. प्रत्यक्ष पैसा वेगळ्या विनियोजन विधेयकातून, वेगळ्या समित्यांमार्फत मिळतो. दोन्ही ठिकाणी सदस्य रक्कम वाढवू शकतात, घटवू शकतात, अटी घालू शकतात आणि पक्षाविरुद्ध मत दिल्यामुळे कोणाचे सदस्यत्व जात नाही. शिवाय समित्यांकडे कायमस्वरूपी तज्ज्ञ कर्मचारी असतात. मला आपल्यासाठी यांतले काही हवे असेल तर ते हे कर्मचारीच.

बाकीच्या गोष्टींबाबत मात्र मी सावध राहीन. २०१२ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने रणगाड्यांचे काम काही वर्षे थांबवण्याची इच्छा व्यक्त केली होती, तरी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यासाठी पैसा दिला. ओहायो राज्यातील लिमा येथील कारखाना आणि तिथल्या नोकऱ्या हे त्यामागचे मोठे कारण होते. खासदाराला रक्कम वाढवण्याचा अधिकार दिला की खर्च सैन्याच्या गरजेकडून मतदारसंघाच्या गरजेकडे सरकतो. दुसरी अडचण वेळेची आहे. १ ऑक्टोबरला नवे आर्थिक वर्ष सुरू होते, तोवर विनियोजन विधेयक संमत झाले नाही आणि तात्पुरती व्यवस्थाही झाली नाही, तर सरकारी कामकाज बंद पडते. २०१८-१९ मध्ये ते पस्तीस दिवस बंद होते. आपल्याकडे अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकार पडेल, आणि मधल्या काळासाठी अनुच्छेद ११६ नुसार लेखानुदानाची, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाला आगाऊ मंजुरी देण्याची, सोय आहे. त्यामुळे सीमेवरील जवानाचा पगार संसदेच्या वादात अडकत नाही. हा आपल्या पद्धतीचा मोठा गुण आहे.

प्रश्न: खर्च झाल्यावर त्याची तपासणी कोण करते? आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हटले की सगळेच झाकता येते का? (वकील, रत्नागिरी)

तपासणीचे काम भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, करतात आणि त्यांचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीपुढे जातो. या समितीत लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात सदस्य असतात. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे आणि तो पाळला गेला आहे.

२०१५ च्या अहवालात कॅगने लष्कराचा दारूगोळ्याचा साठा तपासला. चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल एवढा साठा असावा, असे लष्कराचे स्वतःचे परिमाण होते. २०१७ च्या पाठपुरावा अहवालात आढळले की सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांहूनही कमी होता. हे जाहीर झाल्याने शत्रूला माहिती मिळाली, अशी टीका तेव्हा झाली. माझे मत वेगळे आहे. उणीव दोन वर्षांच्या अंतराने दोनदा नोंदवावी लागली, याचा अर्थ पहिल्या वेळी ती गांभीर्याने घेतली गेली नव्हती. याच काळात उपलष्करप्रमुखांचे तातडीच्या खरेदीचे आर्थिक अधिकार वाढवण्यात आले. त्यानंतर संरक्षणविषयक काही लेखापरीक्षण अहवाल संसदेत मांडूनही संकेतस्थळावर ठेवले जात नाहीत आणि राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरील फेब्रुवारी २०१९ च्या अहवालात किमतीचे तपशील झाकलेले होते.

गोपनीयता आवश्यक असते हे मान्य. तैनाती, योजना आणि गुप्तवार्ता उघड करता येत नाहीत आणि सभागृहाचे नियमही तसे प्रश्न नाकारण्याची मुभा देतात. परंतु किती झाकावे आणि किती सांगावे याचा एक विचारपूर्वक नमुना यशवंतराव चव्हाणांनी घालून दिला आहे. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर ते संरक्षणमंत्री झाले. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी त्या पराभवाची चौकशी करणारे लष्करी अधिकारी हेंडरसन ब्रूक्स यांच्या अहवालाविषयी लोकसभेत निवेदन केले. अहवाल त्यांनी खुला केला नाही आणि सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही, हे मला चुकीचे वाटते. तरीही प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था आणि अधिकाऱ्यांचे नेतृत्व यांत काय उणिवा आढळल्या, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते आणि चीनचे सैन्य सीमेपलीकडे होते, तेव्हा संसदेला इतके सांगता आले. मग शांततेच्या काळात एखाद्या खरेदीला झालेला विलंब सांगायला हरकत का असावी?

प्रश्न: हे अहवाल सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळतात? (जालना)

स्थायी समितीचे आणि लोकलेखा समितीचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत विनामूल्य मिळतात. मराठीत ते नाहीत. संपूर्ण अहवाल वाचण्याइतका वेळ नसेल तर आधी शेवटी दिलेली निरीक्षणे आणि शिफारशी वाचाव्यात. त्याच अहवालाला बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असतात आणि प्रत्येक इतिवृत्ताच्या सुरुवातीला त्या दिवशी उपस्थित असलेल्या सदस्यांची नावे छापलेली असतात. आपले खासदार या समितीवर असतील तर ती यादी अवश्य पाहावी.